जीएसटीचं चलन खोटं निघालं आणि फॉन्टवरून कळलं

लालबागला आमचं छोटं प्रिंटिंगचं काम आहे, पत्रिका, बिलबुकं, खोके वगैरे. मेव्हण्याच्या ओळखीने एक जण मिळाला, सगळे त्याला सीए म्हणायचे म्हणून आम्हीपण म्हणायला लागलो, खरंच आहे का विचारायचं डोक्यातच आलं नाही. वहीपूजनाला यायचा, आईच्या पाया पडायचा. जीएसटी नंबर त्यानेच काढला आणि मोबाइल, ईमेल स्वतःचा टाकला, का तर "शेठ, तुम्हाला ओटीपीची कटकट नको". मलापण बरंच वाटलं! दर महिन्याला १८-१९ तारखेला व्हॉट्सअ‍ॅपवर टॅक्सचा आकडा यायचा, मी त्याच्याच नंबरवर जीपे करायचो, संध्याकाळी चलनाची, म्हणजे टॅक्स भरल्याच्या स्लिपची, पीडीएफ हजर.

जुलैअखेर एका जुन्या गिऱ्हाईकाने पेमेंट अडवलं, म्हणे तुमची एप्रिलपासूनची बिलं आमच्या २बी मध्ये, म्हणजे ज्यावरून आम्हाला टॅक्सची वजावट मिळते त्या पोर्टलवरच्या यादीत, दिसतच नाहीत. आमच्या या सीएला फोन केला तर "पोर्टल स्लो आहे". शेवटी त्या गिऱ्हाईकाकडच्या अकाउंट्सच्या मुलीनेच सांगितलं की जीएसटीच्या साइटवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये नंबर टाका, लॉगिन लागत नाही, कुठलं रिटर्न कधी भरलं ते दिसतं. टाकला, मार्चनंतर काहीच नाही. रात्री बायकोने चलनं शेजारी शेजारी ठेवली तर एप्रिल आणि मे दोन्हीवर वरचा १४ आकडी सीपीआयएन, म्हणजे प्रत्येक चलनाचा वेगळा असायला हवा तो नंबर, तोच, आणि रकमेचा फॉन्ट जरा जाडसर. आम्ही प्रिंटिंगवाले आणि तीन महिने आम्हाला फॉन्ट दिसला नाही, बोला.

१ लाख १२ हजार गेले, टॅक्स परत भरला, वर १८ टक्क्याने व्याज आणि रिटर्न उशिरा भरल्याचे दिवसाला ५० रुपये वेगळे. लॉगिन आपल्या नावावर करून घ्यायला माझगावच्या जीएसटी भवनात कागद घेऊन तीन खेपा. तो सीए नव्हताच, त्यामुळे सीएंच्या इन्स्टिट्यूटकडे मेंबर म्हणून त्याची तक्रार करायचा रस्तापण बंद, राहिले पोलीस.

आता परळच्या एक मॅडम बघतात. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, टॅक्सचे पैसे माझ्याकडे द्यायचे नाहीत, चलन मी बनवीन, भरायचं तुमच्या बँकेतून तुम्ही, माझ्या फीचं बिल वेगळं. तेव्हा जरा तुसड्या वाटल्या, ५ तारखेला बिलं नाही गेली तर अजूनपण ओरडतात. २१ ला मी साइटवर नंबर टाकून बघतोच, त्यांना माहितीये, त्यांना राग येत नाही.

तक्रार दिलीय, आमचा फोन तो उचलत नाही. त्याचं बाप्पाचं स्टेटस मात्र वेळेवर पडलं.