बिझनेस सेंट्रल एक्सेलला जोडताना: अ‍ॅड-इन की पॉवर क्वेरी?

जीएसटीची विवरणपत्रं: ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी. त्याच्या आदल्या दोन दिवसांत अकाउंट्सच्या माणसाला बिझनेस सेंट्रल या मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधले आकडे एक्सेलमध्ये हवे असतात, आणि तेही ताजे. ‘ओपन इन एक्सेल’ने काढलेली शीट म्हणजे झेरॉक्स. मूळ कागदावर नंतर खाडाखोड झाली तर तिला पत्ता नसतो. नाळ जोडलेली शीट हवी असेल तर सरळ वाटा दोन. एक, मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं एक्सेल अ‍ॅड-इन (एक्सेलला जोडायची पुरवणी), जे लिस्टवरच्या ‘एडिट इन एक्सेल’मधून उघडतं. दुसरी, एक्सेलमध्येच असलेली पॉवर क्वेरी (बाहेरचा डेटा ओढून आणणारी सोय), ओडेटा फीडवरून, म्हणजे वेब पत्त्यावरून डेटा देण्याच्या ठरावीक पद्धतीने.

अ‍ॅड-इन वाचतं आणि लिहितं. पॉवर क्वेरी फक्त वाचते. एवढ्यावरच निम्म्या लोकांचा निर्णय होतो. उरलेल्यांनी बघायचं ते साइन-इन, कारण रोजची कटकट तिथेच होते.

लिहायचं असेल तर

लिहिण्याच्या कामात अ‍ॅड-इनला तोड नाही, हे आधीच मान्य करून टाकतो. समजा ४०० आयटमवर एचएसएन कोड (मालाच्या वर्गवारीचा आकडा) आणि जीएसटी ग्रुप कोड बदलायचे आहेत. एकेक कार्ड उघडत बसण्यापेक्षा आयटम लिस्टला आधी फिल्टर लावा आणि मग ‘एडिट इन एक्सेल’ करा. तोच फिल्टर शीटमध्ये येतो. हवा तो कॉलम दिसला नाही तर उजवीकडच्या पट्टीत ‘डिझाइन’मधून जोडता येतो, पण तो फील्ड मुळात त्या पानावर असायला हवा. ‘पब्लिश’ दाबलं की प्रत्येक ओळ बिझनेस सेंट्रलच्या नेहमीच्या तपासणीतून जाते. मास्टरमध्ये (मूळ नोंदींच्या यादीत) नसलेला कोड टाकलात तर ती ओळ परत फिरते.

दोन सवयी मात्र लावून घ्याव्यात. पब्लिशच्या आधी रिफ्रेश, कारण मधल्या वेळात भिवंडीच्या गोदामातून कुणी त्याच आयटमला हात लावला असेल तर तुमची ओळ अडकते. आणि नव्या ओळी चिकटवण्याआधी कोडचा कॉलम टेक्स्ट करून ठेवा. नाहीतर एक्सेल ‘००१२५’चा १२५ करून टाकतो, आणि मग मास्टरमध्ये एकाच मालाचे दोन आयटम नांदू लागतात.

अ‍ॅड-इन बसवताना

प्रत्येकाने आपापलं बसवण्यापेक्षा अ‍ॅडमिनने एकदाच सगळ्यांना देणं बरं. बिझनेस सेंट्रलच्या असिस्टेड सेटअपमध्ये त्यासाठी सेंट्रलाइज्ड डिप्लॉयमेंटचा पर्याय आहे. दिल्यावर ते लोकांच्या एक्सेलमध्ये दिसायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. इथे घात होतो तो ग्रुपचा. अ‍ॅडमिनने ‘मुंबई ऑफिस’ या ग्रुपला अ‍ॅड-इन दिलं, आणि त्या ग्रुपच्या पोटात ‘अंधेरी अकाउंट्स’ नावाचा दुसरा ग्रुप असेल, तर आतल्या ग्रुपमधल्या लोकांना ते मिळत नाही. ग्रुपमधले ग्रुप ही सोय ओळखत नाही. माणसं थेट त्याच ग्रुपमध्ये हवीत. ‘शेजारच्याला दिसतं, मला दिसत नाही’ अशी तक्रार आली की आधी हेच बघावं.

खरी कटकट

माझा कौल जिथे फिरला ती गोष्ट तशी छोटी आहे. अ‍ॅड-इन वापरताना दोन ठिकाणी ‘तुम्ही कोण’ हे ठरलेलं असतं: एक्सेलच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात जे खातं आहे ते, आणि पट्टीत ज्या खात्याने साइन-इन झालं आहे ते. दोन्ही एकच असतील तर सगळं गुळगुळीत चालतं. एकच कंपनी, एकच डोमेन, प्रत्येकाचा स्वतःचा आयडी, अशा ऑफिसात ही अडचण कधी जाणवणारही नाही.

पण मुंबईत हिशेबाचं बरंच काम बाहेरच्या सीए ऑफिसातून होतं. तिथल्या आर्टिकलच्या (शिकाऊ सीएच्या) लॅपटॉपवर एक्सेल फर्मच्या खात्यावर चालू असतं आणि बिझनेस सेंट्रलचा आयडी क्लायंटच्या डोमेनचा असतो. क्लायंटने अ‍ॅड-इन दिलंय ते क्लायंटच्या आयडीला. एक्सेल बघतं फर्मचा आयडी, म्हणून पट्टी एकतर येत नाही, किंवा आली तर चुकीच्या खात्याने आत शिरून ‘परवानगी नाही’ म्हणते. मग पट्टीतून साइन-आउट करा, एक्सेलमधलं खातं बदला, फाईल बंद करून पुन्हा उघडा. दुपारी दुसऱ्या क्लायंटचं काम आलं की तीच कवायत उलट्या दिशेने. त्यात काही पेढ्यांमध्ये चौघांत मिळून एकच आयडी असतो. साइन-इनची मंजुरी जाते शेठच्या फोनवर, आणि शेठ त्या वेळी पनवेल लोकलमध्ये लटकलेले. (चौघांत एक आयडी हे लायसन्सच्या आणि ऑडिटच्या दोन्ही दृष्टीने चूकच, पण सर्रास चालतं.)

यावर उपाय नाही असं नाही. क्लायंटगणिक ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल करून एक्सेल वेबवर चालवलं तर खाती एकमेकांत मिसळत नाहीत. पण मग डेस्कटॉपवरचे मॅक्रो सुटतात.

पॉवर क्वेरीचं साइन-इन

इथे एक्सेलच्या कोपऱ्यात कोणतं खातं आहे याच्याशी फारसं देणंघेणं नाही. क्रेडेन्शियल (लॉगिनची माहिती) डेटा सोर्सच्या पत्त्याला चिकटलेलं असतं, आणि ते फाईलमध्ये नव्हे, त्या कॉम्प्युटरवरच्या विंडोज युजरकडे राहतं.

बिझनेस सेंट्रलमध्ये ‘वेब सर्व्हिसेस’चं पान उघडा, हवं ते पेज किंवा क्वेरी ‘पब्लिश्ड’ करा आणि तिथला ओडेटा व्ही४चा पत्ता जसाच्या तसा कॉपी करा. हाताने टाइप करू नका. पत्त्यात कंपनीचं नाव असतं, आणि आपल्याकडच्या नावांत ‘अँड सन्स’चं ते वेटोळं चिन्ह हमखास असतं. पत्त्यात त्याचं %२६ आणि मोकळ्या जागेचं %२० व्हावं लागतं, नाहीतर पत्ता तिथेच तुटतो. मग एक्सेलमध्ये डेटा, गेट डेटा, फ्रॉम अदर सोर्सेस, फ्रॉम ओडेटा फीड.

आता जी खिडकी येते तिथे घाई नको. डावीकडे अ‍ॅनॉनिमस, विंडोज, बेसिक वगैरे पर्याय असतात. आपल्याला हवा तो ‘ऑर्गनायझेशनल अकाउंट’. चुकून अ‍ॅनॉनिमसवर कनेक्ट दाबलं तर ती चूक एक्सेल लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी न विचारताच आपटतं. बेसिकमध्ये युजरनेम आणि वेब सर्व्हिस अ‍ॅक्सेस की टाकायला सांगणारे जुने व्हिडिओ अजून फिरतायत. क्लाउडवरच्या बिझनेस सेंट्रलमध्ये तो रस्ता २०२२ पासून बंद आहे, तेव्हा त्यात वेळ घालवू नका.

त्याच खिडकीत खाली एक ड्रॉपडाउन असतो: हे क्रेडेन्शियल पत्त्याच्या कुठल्या पातळीपर्यंत लावायचं? बहुतेक जण त्याकडे बघतही नाहीत, आणि सगळी मेख तिथेच आहे. एकाच कंपनीत काम करत असाल तर सगळ्यात वरची, फक्त सर्व्हरच्या नावाची पातळी निवडा. नवं टेबल जोडलं तरी पुन्हा साइन-इन नाही. चार क्लायंट सांभाळत असाल तर मात्र तेच केलंत की फसलात, कारण सर्व्हर सगळ्यांचा एकच आहे आणि पहिल्या क्लायंटचा आयडी दुसऱ्याच्या दारावर जाऊन उभा राहील. अशा वेळी ज्या पातळीत टेनंट आयडी, म्हणजे त्या क्लायंटची ओळख सांगणारा तो लांबलचक अक्षर-आकड्यांचा भाग येतो, ती निवडायची. एकदा हे नीट झालं की चार क्लायंटच्या चार शीट एकाच एक्सेलमध्ये, आपापल्या आयडीने, एकमेकांना धक्का न लावता रिफ्रेश होतात. चुकलंच तर गेट डेटाखाली ‘डेटा सोर्स सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘क्लिअर परमिशन्स’ करा आणि पहिल्यापासून सुरू करा.

साइन-इन किती टिकतं? मायक्रोसॉफ्टचा रिफ्रेश टोकन (साइन-इन चालू ठेवणारी खूण) ९० दिवस वापरला नाही तर मरतो. पासवर्ड बदलला की पुन्हा साइन-इन आलंच. महिन्याला एकदा तरी शीट रिफ्रेश करणाऱ्याला एरवी सहसा कुणी हटकत नाही, निदान माझा अनुभव तरी तसा आहे. अ‍ॅडमिनने नियम जास्त कडक ठेवले असतील तर वेगळं.

पॉवर क्वेरीची दुखणी दुसरीकडे आहेत. लेजर एंट्रीचं टेबल मोठं असतं आणि सर्व्हर एका वेळी २०,००० ओळींपर्यंतच देतो. म्हणून पोस्टिंग डेटचा फिल्टर ही पहिली पायरी हवी, म्हणजे तो सर्व्हरवरच लागतो. आधी इंडेक्स कॉलम टाकून मग फिल्टर लावला तर सगळं लेजर मुंबईच्या त्या बिचाऱ्या वायफायवरून खाली उतरतं आणि मगच गाळलं जातं. दुसरं, तारीख शीटमधल्या सेलवरून घेतलीत तर ‘फॉर्म्युला फायरवॉल’ची, म्हणजे दोन सोर्सचा डेटा मिसळायला अडवणारी, चूक येऊ शकते. दोन्ही सोर्सची प्रायव्हसी लेव्हल ‘ऑर्गनायझेशनल’ केली की ती बऱ्याचदा जाते.

आणि एक सावधगिरी, दोन्हींना लागू. फाईल दुसऱ्याला पाठवली तर तुमचं लॉगिन तिच्यासोबत जात नाही, पण शेवटच्या रिफ्रेशचे आकडे जातात. पार्टीवार येणी असलेली शीट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्याआधी ओळी रिकाम्या करून घ्या.

मग काय घ्यावं?

प्रत्येक ऑफिसची घडी वेगळी, त्यामुळे ठाम सांगणं बरं नव्हे. तरी विचारलंच तर माझा कल पॉवर क्वेरीकडे आहे, आणि एकाहून जास्त क्लायंट असतील तर तो जास्तच झुकतो. एजिंग (कुठली येणी किती जुनी), विक्री रजिस्टर, जीएसटीची जुळवणी, ही सगळी वाचण्याचीच कामं आहेत. शिवाय वाचणाऱ्याच्या हाताखाली ‘पब्लिश’चं बटणच नसलेलं बरं. अ‍ॅड-इन ठेवा, पण मास्टर आणि जर्नल बघणाऱ्या एका-दोघांपुरतं, त्यांच्या स्वतःच्या आयडीवर, आणि एक्सेलच्या कोपऱ्यातही तेच खातं असलेल्या मशीनवर. येत्या ११ तारखेच्या आधी एचएसएन कोड दुरुस्त करायचे असतील तर ७-८ तारखेलाच अ‍ॅडमिनच्या मागे लागा. ते २४ तास धरावे लागतात, आणि ग्रुप चुकला तर आणखी २४.