हॅम्बर्गर स्टेक घरी करायचाय: अमेरिकी पद्धतीने की जपानी?

नावात स्टेक आहे, पण ताटात येते ती खिम्याची जाड पॅटी आणि वर तपकिरी ग्रेव्ही. अमेरिकेत हा हॅम्बर्गर स्टेक, त्याचा जवळचा नातलग सॉल्सबरी स्टेक, आणि जपानमध्ये ‘हांबागु’. फोटोत सगळे सारखेच दिसतात. त्यामुळे बरेच जण ग्रेव्हीवरून निवड करतात. माझ्या मते निवड खिम्यावरून करावी.

अमेरिकी पद्धतीत खिम्याला जेवढा कमी हात लागेल तेवढं बरं. साधारण वीस टक्के चरबीचा बीफ खिमा घ्यायचा, हलक्या हाताने थापायचा, मीठ-मिरी तव्यावर टाकायच्या क्षणी वरून भुरभुरायची. घास मोकळा, दाणेदार लागतो. मीठ आधीच घालून मळलंत तर मांसातली प्रथिनं सुटून चिकट होतात आणि पॅटी सॉसेजसारखी लवचीक बनते.

जपानी स्वयंपाकघरात नेमका हा चिकटपणाच हवा असतो. बीफ आणि पोर्कचा मिश्र खिमा मीठ घालून चांगला मळतात. त्यात परतून पूर्ण गार केलेला कांदा, अंडं आणि दुधात भिजवलेला ब्रेडचा चुरा जातो. गोळा या हातातून त्या हातात आपटून हवा काढायची, मध्ये बोटाने खळगा करायचा, नाहीतर पॅटी शिजताना मधोमध फुगते. दोन्ही बाजू खरपूस झाल्या की थोडं पाणी घालून झाकण. ब्रेड रस धरून ठेवतो, म्हणून घास मऊ लागतो. सॉल्सबरीतही ब्रेड-अंडं पडतं. गंमत अशी की ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते डॉ. जेम्स सॉल्सबरी पिष्टमय पदार्थांच्या विरोधात होते. रोग्यांना ते खिमा आणि गरम पाणी सुचवत.

आता ग्रेव्ही. अमेरिकी ग्रेव्हीला मैदा लागतो. पॅटी काढून उरलेल्या चरबीत उभा चिरलेला कांदा परता, दोन मोठे चमचे मैदा घालून कच्चा वास जाईपर्यंत भाजा, मग दीड कप बीफ स्टॉक थोडा थोडा ओतत तळाची खरवड सोडवून घ्या. पिठल्यात गुठळ्या न होऊ देणाऱ्याला हे काम नवं नाही. फार काळा भाजू नका. मैदा जितका भाजाल तितकी त्याची दाट करण्याची ताकद कमी होते. कॉर्नफ्लोअर निम्मं पुरतं, पण ग्रेव्हीला चायनीज चकाकी येते. शिवाय आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो ते अमेरिकेतल्या दुकानात ‘कॉर्नस्टार्च’ या नावाने मिळतं. तिथे कॉर्नफ्लोअर मागितलंत तर मक्याचं पीठ हातात पडेल.

जपानी रेस्टॉरंटमधला डेमी-ग्लास, म्हणजे हाडांचा स्टॉक तासन्‌तास आटवून केलेला दाट तपकिरी सॉस, घरी करायच्या भानगडीत पडू नये. घरगुती तोड सोपी आहे: त्याच पॅनमध्ये केचप, वूस्टरशर सॉस, थोडी रेड वाइन, पाच मिनिटं. चव आंबट-गोड. मला ती तिसऱ्या घासाला जरा जास्त होते. मुलं मात्र हाच सॉस मागतात.

वेळ? अमेरिकी प्रकार अर्ध्या-पाऊण तासात होतो. हांबागुला कांदा गार होण्यापासून मिश्रण फ्रीजमध्ये ठेवण्यापर्यंत तासभर तरी धरा. दोन्हीत खिमा आतपर्यंत शिजलाच पाहिजे, थर्मामीटर असेल तर ७१ अंश सेल्सियस. आतून गुलाबी ठेवायची चैन अख्ख्या स्टेकलाच शोभते.

महाराष्ट्रात करणार असाल तर प्रश्न जवळजवळ सुटलेलाच आहे. २०१५च्या कायद्यानंतर गाय-बैलाचं मांस नाही. उरतं म्हशीचं किंवा मटण. म्हशीच्या मांसात चरबी कमी, त्यामुळे अमेरिकी पद्धतीने ते कोरडं पडतं. दूध-ब्रेडवाली जपानी पद्धतच घ्या. मटण असेल तर खिमा दोनदा काढून मागा, जाडसर खिम्याची पॅटी तव्यावर फुटते. परदेशात चांगला चरबीदार खिमा मिळत असेल आणि कामावरून येऊन करायचं असेल, तर डोळे झाकून अमेरिकी.

सोबत अमेरिकेत कुस्करलेला बटाटा, जपानमध्ये भात. भाताशिवाय जमत नाही, पण ग्रेव्ही मात्र मैद्याचीच हवी, अशांची सोय हवाईतल्या हिलो गावाने १९४९ च्या सुमारास करून ठेवली आहे. त्या पदार्थाचं नाव लोको मोको: खाली भात, त्यावर पॅटी, तपकिरी ग्रेव्ही आणि सगळ्यात वर अर्धकच्च्या बलकाचं तळलेलं अंडं.