आठवी-नववीची दुपार कुणाला द्यायची : स्कॉलरशिप, ड्रॉइंग की मैदान?

दर जूनमध्ये आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवर कुणी ना कुणी पासबुक पुढे सरकवता सरकवता विचारतंच, "भाऊ, तुमची पोरगी ड्रॉइंगला होती ना? आमचीला कशात घालू?" मागे रांग उभी असते, उत्तर अर्धवट राहतं. म्हणून एकदा लिहूनच काढतो. मुलगी कराड तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत होती. आठवीत तिने तिन्ही करून बघितलं, नववीत एकच ठेवलं. निवड तिची कमी आणि माझी जास्त होती, हे आधीच कबूल करतो.

स्कॉलरशिपचं लवकर आटपतो. तिच्या वेळी ती पाचवी-आठवीला होती. आता परत चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय झालाय, तेव्हा आपलं मूल नेमकं कुठे बसतं ते शाळेत विचारा. आठवीला दोन पेपर, प्रत्येकी १५० मार्कांचे, ९० मिनिटांत ७५ प्रश्न. वर काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे, आणि दोन्ही गोल रंगवले तरच मार्क. आमच्या बाईसाहेब पहिलं उत्तर सापडलं की समाधानाने पुढच्या प्रश्नावर! सरावाच्या निम्म्या पेपरांत तेवढ्यानेच मार्क गेले. पण बुद्धिमत्तेच्या गणितांची भीती मोडली, ती कायमची. एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा, तिच्याबद्दल तर तुलनाच नको. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी, पालिकेच्या, झेडपीच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर बसवाच. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

खटकतं ते एकच. जादा तास सुरू झाले की वेळापत्रकातले पीटी आणि ड्रॉइंगचे तास कागदावरच उरतात. तरी डिसेंबरात एनएमएमएस, फेब्रुवारीच्या सुमारास स्कॉलरशिप, की विषय संपला. त्यामुळे खरी कुस्ती ड्रॉइंग आणि मैदान यांच्यातच लागते, कारण दोघांचाही हंगाम एकच: ऑगस्ट ते दिवाळी.

मैदानाबद्दल वाईट बोलायची आमच्याकडे कुणाची छाती नाही. कुस्तीपटू खाशाबा जाधवांचं गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर. खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकीहून आणलेलं कांस्यपदक शाळेच्या प्रत्येक क्रीडादिनाच्या भाषणात येतं. त्यांच्या पाठोपाठ माण तालुक्यातल्या ललिता बाबर येतात, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावलेल्या. आणि जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारताने महिलांचा आणि पुरुषांचा दोन्ही जिंकला. तेव्हापासून ‘खो-खो खेळून काय मिळणार’ असं म्हणणारे पालक जरा दबून बोलतात.

आमची खो-खोच खेळायची. त्या चार महिन्यांत ती जेवढी भाकरी खायची तेवढी पुन्हा कधी खाल्ली नाही. गुडघे कायम सोललेले, केसांत माती, आणि ज्या मुलींशी वर्गात बोलत नव्हती त्यांच्याशी गळ्यात गळे. पीटीचे सरही मनापासून शिकवणारे. सूर मारताना हनुवटी कशी सांभाळायची, हे त्यांनी पोत्यावर दोन आठवडे करून घेतलं. खेळात काही खोट नव्हती.

खोट होती निरोपात. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी जातात, आणि तालुक्याच्या पायरीवर तारीख म्हणजे अंदाज असतो. पाऊस, मैदानावरचा चिखल, पंच दुसरीकडे अडकलेले, कारणं सगळी खरी. पण ग्रुपवर निरोप यायचा रात्री नऊनंतर: "उद्या सकाळी ७ ला सगळ्यांनी स्टँडवर हजर राहणे. डबा, पाण्याची बाटली, आधार कार्डची झेरॉक्स सोबत." मी पतसंस्थेत कॅशियर. तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक माझ्याकडे. रात्री नऊला कुणाला फोन करून सांगू, की उद्या माझी किल्ली तुम्ही घ्या? बायको आरोग्य केंद्रात, तिची ड्युटी ठरलेली. पावसाळ्याच्या दिवसांत तेरा वर्षांची पोर संध्याकाळी किती वाजता परत येणार हे कुणालाच माहीत नाही, आणि आम्ही दोघं आपापल्या जागी फोनकडे बघत बसलेले.

त्या मोसमात ती पाच वेळा डबा घेऊन निघाली आणि दोनदा खेळली. एकदा मैदानात पाणी. एकदा समोरचा संघच आला नाही, पुढे चाल मिळाली, पण ती जाहीर व्हायला दुपारचे तीन वाजले. आणि शेवटच्या वेळी आमच्याच संघातल्या चौघींना घरून सोडलं नाही. खो-खोला मैदानात नऊ जणी लागतात. आठ जणी कितीही चपळ असल्या तरी उपयोग नाही. त्या दिवशी ती स्टँडवरूनच परत आली. डबा तसाच. त्याच दिवशी घटक चाचणीचा विज्ञानाचा पेपरही बुडाला होता, तो पुढे देता आला, पण त्याचं मला फारसं वाटलं नाही. तो न उघडलेला डबा मात्र लक्षात राहिला.

आता हे सगळ्यांचंच असेल असं नाही. मूल धावत असेल, उडी मारत असेल, तर बाकीच्या आठ जणींवर काही अडत नाही. घरात मोकळे आजोबा असतील, किंवा मैदान गावातच असेल, तर माझी तक्रार तुम्हाला फुटकळ वाटेल. आणि वरच्या पायऱ्या गाठल्या तर दहावीला मैदानाचे वाढीव गुण ड्रॉइंगपेक्षा कितीतरी जास्त, अगदी २५ पर्यंत. फक्त त्या गुणांचा प्रस्ताव शाळा, जिल्हा क्रीडा अधिकारी आणि बोर्ड असा फिरतो. प्रमाणपत्राच्या तीन झेरॉक्स काढून ठेवा.

ड्रॉइंगला निरोपाची भानगडच नाही. कला संचालनालयाची परीक्षा, एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट. तारखा आधी जाहीर, बहुधा सप्टेंबरच्या शेवटाला. दोन दिवसांत चार पेपर: स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती-अक्षरलेखन. मी महिनाभर आधी रजेचा अर्ज टाकला, किल्ली रीतसर दुसऱ्याच्या हाती दिली आणि तिला केंद्रावर सोडलं. बाहेर चिंचेखाली बसून पेपर वाचला. दुपारी ती निळ्या बोटांनी बाहेर आली. एवढा निवांत दिवस तिच्या शाळेने मला दुसरा दिलेला नाही.

इंटरमिजिएटला ए ग्रेड असेल तर दहावीला ७ गुण, बी ला ५, सी ला ३. बेस्ट ऑफ फाइव्हच्या, म्हणजे सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांच्या, ५०० मध्ये ७ म्हणजे जेमतेम दीड टक्का. त्यासाठी दोन वर्षं रंग कालवावेत का, असं कुणी विचारलं तर मीही निरुत्तर होतो. दहावीच्या निकालात ती १०० टक्केवाली मुलं दिसतात, त्यांच्या बेरजेत हे असलेच वाढीव गुण असतात, इतकंच.

दोषही सांगतो. कला शिक्षक नसलेल्या शाळा आता कमी नाहीत, मग बाहेरचा क्लास लावावा लागतो, आणि काही क्लासमध्ये स्मरणचित्राचा साचा पाठ करून घेतात. बाजार आला की डावीकडे छत्री, उजवीकडे टोपलीवाली, मागे देऊळ. एका हॉलमध्ये चाळीस मुलांची तीच छत्री! आमच्या शाळेतल्या बाईंनी तसं होऊ दिलं नाही. रविवारी मुलींना स्टँडवर नेऊन बसवायच्या आणि सोमवारी वर्गात न बघता काढायला लावायच्या. इंटरमिजिएटच्या तयारीत एकदा विषय आला ‘मैदान’. लेकीने खेळणाऱ्या मुली कोपऱ्यात बोटभर काढल्या. बाकी कागदभर दप्तरावर हनुवटी टेकून बसलेल्या, डबे मांडीवर घेतलेल्या मुली. बाई म्हणाल्या, चांगलं आहे, पण परीक्षेत खेळणाऱ्या मोठ्या काढ.

तिला बी ग्रेड मिळाली. तिच्या मते घनभूमितीने घात केला. खो-खो सोडल्याबद्दल ती माझ्याशी नववीतला सगळा जुलै तुटक बोलत होती, हेही हिशेबात धरा. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर अजूनही जाते, पण नाव लागतं त्या यादीत नाही.

तर माझं झुकतं माप कुठे आहे ते कळलंच असेल. घरातली दोन्ही माणसं बांधलेल्या नोकरीत असतील, तर मी ड्रॉइंगच म्हणेन. आणि तिकडे वळलात तर आधी रंगांच्या भारी पेटीमागे लागू नका. एक लाकडी बोर्ड, चार घट्ट क्लिपा आणि पाण्यासाठी रुंद बुडाचा डबा घ्या. केंद्रावरची बाकं डुगडुगतात, आणि पुढच्या बाकावरचं पोर हटकून मागे रेलतं.