सीपॅप, जबड्याची पट्टी की वजन? स्लीप ॲप्नियाचा रिपोर्ट हातात असलेल्यांसाठी

स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास थांबणं. त्याच्या रिपोर्टमध्ये एएचआय (तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला तो आकडा) २२ किंवा ४१ असं काहीतरी आलंय, डॉक्टर म्हणाले सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा सोडणारं) घ्या, आणि घरी येऊन मोबाईलवर शोधलं तर एक जण सांगतोय मशीनने मला माझं आयुष्य परत मिळालं, आणि दुसरा म्हणतोय मशीनचा हार्टला काही उपयोग नाही हे मोठ्या ट्रायलमध्ये सिद्ध झालंय. दोघंही खरंच बोलतायत. गोंधळ होतो कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत. मी डॉक्टर नाही, पण नवऱ्यासाठी हे सगळं वाचून काढलंय आणि त्याच्यासोबत त्यातून गेलेय, म्हणून जमेल तसं मांडते.

आमच्याकडे सुरुवात अशी झाली. रात्री दीडच्या सुमाराला नवऱ्याचं घोरणं एकदम थांबलं आणि त्या शांततेने मला जाग आली. छाती-पोट हलत होतं, नाकासमोर हात धरला तर हवाच लागेना. मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं, ३१ सेकंद, मग घुसमटून ओरडल्यासारखा एक मोठा श्वास घेतला आणि कूस बदलून परत झोपला. सकाळी विचारलं तर म्हणाला, छान झोपलो की. हेच ऑब्स्ट्रक्टिव्ह ॲप्निया, म्हणजे श्वास घ्यायची धडपड चालू असते पण झोपेत घशाचे स्नायू सैल पडून, जीभ मागे जाऊन वाटच बंद झालेली असते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, बीपी उसळतं, आणि हे रात्रभर. निदान १० सेकंद श्वास थांबला किंवा बराच उथळ होऊन ऑक्सिजन पडला की एक मोजतात, तासाला असे किती ते एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र.

हे फक्त जाड माणसांना होतं असं समजू नका. मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उदवाडिया यांच्या टीमने २००४ मध्ये ३५ ते ६५ वयाच्या, रूटीन चेकअपला आलेल्या पुरुषांचा अभ्यास छापला, त्यात झोपेतला श्वास बिघडलेले १९.५ टक्के निघाले आणि सोबत दिवसा झोप येण्याचा त्रासही असलेले ७.५ टक्के. म्हणजे जे स्वतःला ठणठणीत समजत होते त्यांच्यात. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या १९९३ च्या अभ्यासात ३० ते ६० वयात पुरुष २४ टक्के आणि बायका ९ टक्के होत्या. बायकांचं मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडे बाई घोरते हे घरात कोणी बाहेर बोलत नाही, आणि थकवा, डोकेदुखी, झोप न लागणं असं काही सांगितलं की थायरॉईड नाहीतर रक्त तपासून विषय संपतो. आई-मावशी-सासूबाईंकडेही जरा लक्ष द्या.

टेस्ट घरी की लॅबमध्ये? घरच्या टेस्टमध्ये नाकातली हवा, छातीचा पट्टा आणि बोटावरचा ऑक्सिजन एवढंच असतं, डोक्याला तारा नसतात, त्यामुळे तुम्ही झोपलात कधी हे मशीनला कळत नाही, ते चालू असलेल्या सगळ्या तासांनी भागतं. दोन तास छताकडे बघत पडलात तर एएचआय खरा आहे त्यापेक्षा कमी येतो. म्हणून लक्षणं जोरात आहेत आणि घरची टेस्ट नॉर्मल आली तर तिथे थांबू नका, लॅबमध्ये करा. हार्ट फेल्युअर, फुप्फुसाचा जुना आजार किंवा आधी स्ट्रोक असेल तर थेट लॅबच बरी. बाकी घोरणारा, दिवसा पेंगणारा, जाड मानेचा माणूस असेल तर घरची पुरते.

आता मुख्य गोष्ट, मशीन.

सीपॅप आलं १९८१ मध्ये, सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं, त्याआधी तीव्र आजाराला मानेला भोक पाडून नळी बसवणं हाच खात्रीचा उपाय होता. कल्पना साधी आहे, नाकातून हलक्या दाबाने हवा सोडायची, ती हवाच घसा उघडा धरून ठेवते. लावलं की त्याच रात्री ॲप्निया जवळपास थांबतो, यात कोणाचंच दुमत नाही.

दुमत आहे ते पुढच्या गोष्टीवर. स्पेनमधल्या झारागोझाच्या डॉक्टरांनी पुरुषांवर साधारण १० वर्षं लक्ष ठेवलं, २००५ मध्ये छापलं, तीव्र ॲप्निया असून उपचार न घेतलेल्यांना हार्ट अटॅक-स्ट्रोक आणि त्यातून मृत्यू बरेच जास्त, मशीन वापरणाऱ्यांना कमी. वाचून वाटतं, झालं, मशीन हार्ट वाचवतं. पण मशीन कोणी घ्यायचं हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, आणि रोज न चुकता मास्क लावणारा माणूस बीपीची गोळीही न चुकता घेतो, सकाळी चालायलाही जातो. मग फायदा मास्कचा की त्या स्वभावाचा?

म्हणून सेव्ह ट्रायल झाली, २०१६ मध्ये आली, २७१७ लोक, ७ देश, आपला भारतही त्यात होता, सगळे आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले. इथे चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना मशीन, निम्म्यांना नाही, ३.७ वर्षं वाट पाहिली. अटॅक, स्ट्रोक वगैरे मशीनवाल्यांत १७ टक्के, बाकीच्यांत १५.४ टक्के, म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. सोशल मीडियावरचं ‘मशीन फेल’ हे इथून आलंय.

पण त्याच पेपरमध्ये दोन गोष्टी आहेत ज्या कोणी फॉरवर्ड करत नाही. एक, लोकांनी मशीन रात्री सरासरी फक्त ३.३ तास लावलं. जरा विचार करा, अकराला झोपलेला माणूस अडीचला मास्क काढून ठेवतो आणि पहाटे, जेव्हा स्वप्नांची झोप जास्त असते आणि घसा सगळ्यात सैल असतो, तेव्हा तो बिनमास्कचा. दुसरं, ज्यांना दिवसा खूपच झोप यायची अशांना मुळात ट्रायलमध्ये घेतलंच नव्हतं, कारण त्यांना मशीनशिवाय ठेवणं योग्य नाही. म्हणजे गाडी चालवताना डुलकी लागणाऱ्या माणसाबद्दल ही ट्रायल काही सांगतच नाही. आणि जे ट्रायलमध्ये होते त्यांचंही घोरणं, दिवसाची झोप, मूड सुधारले, आजारपणाच्या सुट्ट्या कमी झाल्या. पुढे २०२३ मध्ये सेव्ह आणि आणखी दोन ट्रायलचा डेटा एकत्र केला, ४१८६ लोक, सगळे मिळून फायदा नाही, पण रात्री ४ तास किंवा जास्त लावणाऱ्यांत धोका कमी दिसला. त्यातही तो स्वभावाचा प्रश्न थोडा उरतोच, हे मान्य.

बीपीचं मात्र स्वच्छ आहे. मशीनने सरासरी २-३ पॉइंट उतरतं. तीन-चार गोळ्या घेऊनही न ऐकणाऱ्या बीपीवर स्पेनमध्ये १९४ लोकांची ट्रायल झाली, १२ आठवड्यांत २४ तासांचं सरासरी बीपी ३ च्या आसपास खाली आलं. फार नाही, गोळी सोडण्याएवढं तर अजिबात नाही, पण गोळीच्या जोडीला चांगलं आहे.

जबड्याची पट्टी म्हणजे दातांवर बसवायचं एक साधन, खालचा जबडा पुढे धरतं म्हणून जीभ मागे पडत नाही. सिडनीच्याच एका अभ्यासात (२०१३) १२६ लोकांना एक महिना मशीन, एक महिना पट्टी अशी दोन्ही दिली. मशीनने एएचआय साधारण साडेचारवर आला, पट्टीने अकरावर. इथे मशीन सरळ पुढे. पण लोक पट्टी साडेसहा तास वापरायचे आणि मशीन सव्वापाच, आणि महिन्याच्या शेवटी दिवसाची झोप, बीपी यात फारसा फरक नव्हता. पट्टीचे तास लोकांनी स्वतःच सांगितलेले, तेवढं लक्षात ठेवा. मला हा अभ्यास फार पटतो, कारण घरात हेच दिसतं, कमी ताकदीचं पण रात्रभर टिकणारं आणि जास्त ताकदीचं पण अर्ध्यात काढून टाकलेलं हे शेवटी जवळजवळ येतात. पट्टीचे त्रासही आहेत, लाळ येते, सकाळी जबडा धरतो, काही वर्षांत दात थोडे सरकतात. हिरड्या खराब, दात हलतायत किंवा पडलेत तर जमणार नाही. ऑनलाइन मिळणारी गरम पाण्यात बुडवून चावायची नको, याचं काम माहीत असलेल्या डेंटिस्टकडून मापाची करून घ्या आणि ती लावून परत स्लीप टेस्ट करा. घोरणं थांबलं म्हणजे ॲप्निया थांबला असं नसतं.

वजन आणि इंजेक्शन. टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनच्या २०२४ च्या ट्रायलमध्ये ४६९ लोक, सगळे लठ्ठ, सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३९, सुरुवातीचा एएचआय ५० च्या आसपास. ५२ आठवड्यांत इंजेक्शनवाल्यांचा तासाला २५ ते २९ ने उतरला, नुसत्या पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांचा ५ च्या आसपास. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत लठ्ठपणासोबतच्या ॲप्नियासाठी मान्यताही मिळाली, आपल्याकडे हे औषध मार्च २०२५ मध्ये डायबेटीस आणि वजनासाठी आलं. मोठी बातमी आहे यात वाद नाही, पण गणित करा, ५० मधून २७ गेले तरी २३ उरतात, म्हणजे अजून मध्यम आजार. वजन उतरेपर्यंत महिने जातात, ते महिने रात्री कोण सांभाळणार? आणि आपल्याकडे बीएमआय २६, हनुवटी मागे, घसा अरुंद असे कितीतरी पेशंट असतात, ती ट्रायल त्यांच्यावर झालेलीच नाही.

आणखी एक, शंखाचं. जयपूरचा २०२५ चा अभ्यास तुमच्याही ग्रुपवर आला असेल, सहा महिने आठवड्यातून निदान पाच दिवस शंख वाजवून एएचआय ४-५ ने कमी झाला. खरा अभ्यास आहे, पण ३० माणसांचा. आवडत असेल तर जरूर वाजवा, पण ४५ च्या एएचआयवर तो उपाय नाही.

मला विचाराल तर, एएचआय ३० च्या वर असेल, किंवा आकडा कितीही असो पण दिवसा पेंग येते आणि गाडी चालवायची आहे, तर आधी मशीन, बाकी सगळं नंतर. नवरा आठवड्यातून दोनदा नाशिकहून मुंबईला जायचा आणि कसारा घाटाच्या आधी कुठेतरी पाच मिनिटं गाडी बाजूला घ्यायचा हे मला नंतर कळलं, तेव्हा माझे हातपाय गार पडले होते. सौम्य किंवा मध्यम आहे, दात चांगले आहेत, मास्कच्या कल्पनेनेच जीव घाबरतो, तर पट्टी पूर्ण विचार करण्यासारखी आहे, तिला दुय्यम समजू नका. एएचआय ८ आहे, बीपी नाही, दिवसा झोप नाही, तर घाई नको. रिपोर्टमध्ये उताणं झोपल्यावरचा आकडा वेगळा दिलेला असतो तो बघा, तिथेच जास्त असेल तर कुशीवर झोपणं आणि रात्रीची दारू बंद करणं यानेही पुष्कळ फरक पडतो. वजन जास्त असेल तर ते कोणत्याही पर्यायासोबत उतरवायचंच आहे.

मशीन लगेच विकत घेऊ नका, महिनाभर भाड्याने मिळतं. कोणी जुनं स्वस्तात देत असेल तर मॉडेल तपासा, फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतल्या फोममुळे लाखो मशीन परत बोलावली होती, तसलं एखादं पदरात पडायला नको. आणि मशीनच्या किमतीपेक्षा मास्कवर जास्त वेळ घालवा. मशीनमधल्या कार्डवर रोजची नोंद होते, आमच्या पहिल्या महिन्याचं कार्ड क्लिनिकमध्ये वाचलं तर रात्रीची सरासरी २ तास ४० मिनिटं आली आणि लीकचा, म्हणजे मास्कच्या कडेने निसटणाऱ्या हवेचा, आकडा भलता मोठा, सगळे म्हणाले यांना सवयच होत नाही. सवयीचा प्रश्नच नव्हता, नाक-तोंड झाकणारा मास्क त्याच्या मिशीवर नीट बसत नव्हता आणि पहाटे हवा डोळ्यात जायची. नाकपुड्यांत बसणारा छोटा मास्क दिला, हवा ओलसर करणारं भांडं जोडलं, पुढच्या महिन्यात ५ तास ५० मिनिटं. म्हणून भाड्याने घेतानाच विचारा, मास्क दोन-तीन प्रकारचे बदलून देणार का, आणि महिन्याने कार्ड वाचून तास आणि लीक दोन्ही आकडे दाखवणार का. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.