एका शब्दाचे चार तास: म्हापशातला 'विधेय' वर्ग

म्हापशातल्या एका शिकवणीवर्गात 'विधेय' या एकाच शब्दावर चार तासांची उजळणी होते, सोबत टिपणवही मिळते. मराठी व्याकरण आणि तर्कशास्त्र असे दोन्ही पेपर असतील तर हा वर्ग जरूर करा. दोन्हीकडे शब्द एकच, पण अर्थ वेगळा, आणि गुण नेमके तिथेच जातात.

पहिला तास फार छान. फळ्यावर वाक्य येतं: 'म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पहाटेपासून गजबजलेला असतो.' 'बाजार' उद्देश्य (ज्याच्याबद्दल सांगायचं ते), 'म्हापशाचा शुक्रवारचा' त्याचा विस्तार. उरलेलं, म्हणजे त्याच्याबद्दल जे सांगितलं ते, सगळं विधेय विभागात: 'असतो' क्रियापद, 'गजबजलेला' विधानपूरक, 'पहाटेपासून' विधेयविस्तार.

दुसऱ्या तासाला हीच सवय मोडावी लागते. पारंपरिक तर्कशास्त्रात विधानाचे तीन तुकडे: उद्देश्यपद, विधेयपद आणि दोघांना जोडणारा संयोजक. 'मांडवी समुद्राला मिळते' हे आधी 'मांडवी ही समुद्राला मिळणारी नदी आहे' असं साच्यात बसवायचं. इथे 'आहे' विधेयपदात धरायचं नाही. 'नाही' हे व्याकरणात क्रियापद, इथे मात्र नकारार्थी संयोजक. हा फरक सर इतका सावकाश उलगडतात की पुन्हा घोटाळा होऊ नये.

तिसरा तास कच्चा आहे. होकारार्थी विधानात विधेयपद अव्याप्त, नकारार्थीत व्याप्त (व्याप्त म्हणजे विधान त्या पदाच्या अख्ख्या वर्गाबद्दल बोलतं), हा नियम नुसता पाठ करून घेतात. कारण सांगायला हवं. 'सर्व फेण्या मद्ये आहेत' हे विधान सगळ्या मद्यांबद्दल काहीच बोलत नाही. म्हणून विधान उलटवताना, म्हणजे दोन्ही पदांची अदलाबदल करताना, 'काही मद्ये फेण्या आहेत' एवढंच हाती लागतं. 'काही फेण्या काजूच्या नाहीत' (माडाची फेणी असतेच) यात मात्र त्या फेण्या काजूच्या अख्ख्या वर्गाबाहेर काढल्या आहेत, म्हणून विधेयपद व्याप्त. टिपणवहीच्या उत्तरांत नेमकं हेच 'अव्याप्त' छापलंय. पेनाने दुरुस्त करून घ्या.

चौथ्या तासात जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेचा 1879 सालचा विचार धावता येतो: 'मिळते' म्हणजे दोन रिकाम्या जागा असलेलं विधेय, एका जागी मांडवी, दुसऱ्या जागी समुद्र. पदवीच्या विद्यार्थ्यांना हे अपुरं पडेल. संस्कृतातला 'आज्ञाधारक' हा अर्थ आणि पर्वरीला गोवा विधानसभेत मांडतात ते 'विधेयक' यांना शेवटची दहा मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात.