२४७स्पोर्ट्स: रँकिंग चोख, पण चांगला रिक्रूटर शोधायचा तर आतली पानं उघडा

डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी अमेरिकेतली हायस्कूलची मुलं कॉलेजांशी फुटबॉलचे करार करतात आणि संध्याकाळपर्यंत २४७स्पोर्ट्स ह्या साइटचा क्रमवारीचा तक्ता सगळीकडे फिरलेला असतो. अमुक कॉलेजचा क्लास पहिला, तमुकचा अकरावा. (फुटबॉल म्हणजे इथे हेल्मेट घालून खेळायचा, लांबट चेंडूचा अमेरिकन फुटबॉल; क्लास म्हणजे त्या वर्षी कॉलेजने घेतलेली मुलं; रिक्रूटर म्हणजे अशी मुलं हेरून, पटवून कॉलेजच्या संघात आणणारा कोच.) मुलं ओहायो स्टेटला किंवा टेक्सस ए अँड एमला शिकायला गेली की मराठी घरांतही शनिवारचे सामने लागू लागतात, आणि मग 'आमचा कोच रिक्रूटिंगमध्ये चौथा आहे' हे वाक्य कानावर येतंच. ते तपासायचं कसं आणि त्याला ही साइट किती उपयोगी पडते, एवढ्यापुरताच हा रिव्ह्यू.

साइट २०१० मध्ये शॅनन टेरी यांनी सुरू केली. त्याआधीची रायव्हल्स ही तशीच साइट उभी करण्यातही त्यांचा हात होता. २०१५ च्या अखेरीस २४७स्पोर्ट्स सीबीएस ह्या अमेरिकी टीव्ही कंपनीकडे गेली. खेळाडूंची रँकिंग, कॉलेजांचे क्लास, ऑफरच्या याद्या आणि क्रिस्टल बॉल नावाचे अंदाज फुकट दिसतात. पैसे भरून व्हीआयपी सदस्य झालं की एकेका कॉलेजच्या वार्ताहरांकडच्या आतल्या बातम्या वाचायला मिळतात. इथे सांगितलेल्या कामाला फुकटचा भाग पुरतो.

खेळाडूच्या पानावर दोन रेटिंग असतात. एक साइटच्या स्वतःच्या स्काउटांचं, म्हणजे खेळाडू पारखणाऱ्यांचं: ८० पासून थ्री-स्टार, ९० पासून फोर-स्टार, ९८ पासून फाइव्ह-स्टार. दुसरं कॉम्पोझिट, म्हणजे मोठ्या रिक्रूटिंग कंपन्यांची रेटिंग एकत्र करून काढलेला चार दशांश स्थळांचा आकडा, साधारण ०.८९ च्या वर गेला की फोर-स्टार. भरवसा कॉम्पोझिटवर ठेवावा, कारण एका कंपनीचा अंदाज फसला तरी बाकीचे सावरून घेतात. दोन्ही आकड्यांत मोठी तफावत दिसली तर तो मुलगा जरूर बघावा. त्याच्याबद्दल जाणकारांचं एकमत झालेलं नसतं, आणि रिक्रूटरची नजर अशाच ठिकाणी कळते. दरवर्षी फाइव्ह-स्टार ३२ च्या आसपास ठेवतात, कारण एनएफएल ह्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजच्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड करतात तेव्हा, पहिल्या फेरीत ३२ निवडी असतात. थोडक्यात, स्टार हा एनएफएलचा अंदाज आहे. एखाद्या कॉलेजच्या डावपेचात तो मुलगा बसेल का, दोन वर्षं बाकावर बसून टिकेल का, हे त्यात मोजलेलं नाही.

क्लासचे गुण काढायची पद्धत मात्र खरोखर विचारपूर्वक बसवलेली आहे. सर्वांत चांगल्या खेळाडूचं रेटिंग पूर्ण धरतात, दुसऱ्याचं जवळजवळ पूर्ण, आणि यादीत खाली जावं तसं वजन घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे उतरत जातं. विसाव्याच्या पुढचा मुलगा बेरजेत किरकोळ भर घालतो. त्यामुळे नुसती तीस मुलं गोळा करून कुणाला वर चढता येत नाही. तरीही १४ मुलांचा क्लास २४ मुलांच्या क्लाससमोर मागे पडतोच. म्हणून एकूण गुणांच्या शेजारचा सरासरी रेटिंगचा रकाना आधी वाचावा. म्हणजे जागाच कमी असलेल्या कोचवर अन्याय होत नाही.

आता तक्ता कुठे तोकडा पडतो ते. २०२२ चा टेक्सस ए अँड एमचा क्लास ह्या साइटच्या नोंदीत तोवरचा सर्वांत जास्त गुणांचा क्लास होता. त्याच वर्षी संघ ५ जिंकला, ७ हरला. क्लासमधली बरीच मुलं पुढच्या दोन-तीन हंगामांत ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंद) दुसरीकडे गेली आणि मुख्य कोच जिंबो फिशर यांना नोव्हेंबर २०२३ मध्ये ७.५ कोटी डॉलरच्या वर भरपाई देऊन काढावं लागलं. क्रमवारीत तो क्लास आजही पहिलाच दिसतो, कारण तक्ता सहीच्या दिवशी थांबतो. रिक्रूटरचं काम त्या दिवशी थांबत नाही. त्याने आणलेला मुलगा तिसऱ्या वर्षी त्याच कॉलेजात आहे का, आणि मैदानावर आहे का, हे बघितल्याशिवाय त्याला चांगला म्हणू नये.

साइटवरचं सर्वांत मोलाचं पान लोक सहसा उघडत नाहीत: खेळाडूची टाइमलाइन. कुणी कधी ऑफर दिली, मुलगा कुठे कधी जाऊन आला, कधी कमिट झाला म्हणजे तोंडी होकार दिला, कधी फिरला, हे तारखांसकट तिथे असतं. ती खालून वर, जुन्या नोंदीपासून वाचा. मोठ्या कॉलेजांच्या ऑफर यायच्या आधी सहा महिने कुणी ऑफर दिली होती? त्या कोचला नजर आहे. पंचविसावी ऑफर देऊन ज्याने मुलगा जिंकला, त्याला नातं जोडता येतं, पटवता येतं. दोन्ही गुण खरे आहेत, पण वेगळे आहेत, आणि एकाच माणसात दोन्ही क्वचित सापडतात.

ख्रिस ओलावेचं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये ओहायो स्टेटचे रायन डे कॅलिफोर्नियातल्या मिशन हिल्स हायस्कूलला गेले ते जॅक टटल नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, बघायला. टटलचे थ्रो झेलणारा पोरगा त्यांच्या डोळ्यांत भरला. शाळा बदलल्यामुळे ओलावेला अकरावीचा हंगाम खेळता आला नव्हता. म्हणजे रिक्रूटिंग ज्यावर चालतं ती अकरावीच्या सामन्यांची फिल्मच त्याच्याकडे नव्हती. रेटिंग थ्री-स्टारचं. टटल शेवटी युटाला गेला. ओलावे ओहायो स्टेटला आला आणि २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अकरावा निवडला गेला. आलेला कोच आधीच ठरवलेल्या मुलालाच बघून परतला असता, तर हे झालं नसतं. म्हणून चांगले रिक्रूटर सरावाला लवकर पोहोचतात आणि वॉर्म-अपपासून सगळ्यांना बघतात: कोणाचे पाय हलके, कोण चेंडू हाताने झेलतो आणि कोण छातीवर घेतो, चूक झाल्यावर कोण पुढच्या खेळासाठी पळत जागेवर जातो.

जॉश ॲलन तर कुठल्याच यादीत नव्हता. फायरबॉ ह्या शेतीच्या गावातून हायस्कूल संपवताना त्याच्याकडे एकही स्कॉलरशिप ऑफर नव्हती. रीडली ह्या ज्युनिअर कॉलेजात खेळून त्याने देशभरच्या कोचांना ईमेल पाठवले. वायोमिंगने त्याला घेतलं आणि २०१८ मध्ये तो सातवा निवडला गेला. स्टार नसलेल्या मुलाचा ईमेल उघडून फिल्म बघणारा कोच कोणत्याही रँकिंगमध्ये दिसत नाही, ही ह्या सेवेची मोठी उणीव आहे.

साइटवर रिक्रूटरांचीही स्वतंत्र क्रमवारी आहे. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे मुख्य आणि दुय्यम रिक्रूटर नोंदवतात आणि त्यावरून असिस्टंट कोचची यादी बनते. ती सुरुवातीला ठीक आहे. ओहायो स्टेटमध्ये रिसीव्हरांना, म्हणजे पास झेलणाऱ्यांना, शिकवणारे ब्रायन हार्टलाइन यांचं नाव तिथे सतत वर असायचं आणि पुढे ड्राफ्टनेही त्याला दुजोरा दिला: त्यांच्या हाताखालचे गॅरेट विल्सन, जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा, मार्विन हॅरिसन ज्युनिअर आणि एमेका एग्बुका २०२२ ते २०२५ ह्या चार ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत गेले. विल्सन आणि स्मिथ-एन्जिग्बा टेक्ससचे, हॅरिसन फिलाडेल्फियाचा, एग्बुका वॉशिंग्टन राज्यातला. ओहायोत बसून इतक्या लांबून रिसीव्हर आणता येतात, कारण आधीचे कुठे पोहोचले ते दाखवता येतं. मुलगा भाषणापेक्षा ह्या पुराव्यावर विश्वास ठेवतो.

पण श्रेय वाटण्यात ही क्रमवारी ढोबळ आहे. मोठ्या कॉलेजात एका मुलामागे तीन-चार माणसं असतात: त्या भागाची जबाबदारी असलेला असिस्टंट, मुलगा मैदानात ज्या जागेवर खेळतो तिचा कोच, फिल्म चाळणारा पर्सोनेल विभाग आणि शेवटी सही घ्यायला येणारा मुख्य कोच. नाव लागतं एक-दोघांचं. त्यातही नामांकित कॉलेजातला असिस्टंट आपोआप वर जातो. खरी तुलना करायची तर तो असिस्टंट आधीच्या, लहान कॉलेजात असताना काय करत होता ते बघा. तिथे त्याने आणलेल्या थ्री-स्टार मुलांपैकी किती जण दोन वर्षं सुरुवातीच्या अकरा जणांत खेळले? हा आकडा साइट काढून देत नाही, पण जुन्या क्लासची यादी आणि त्या संघाचं रोस्टर (खेळाडूंची यादी) शेजारी ठेवलं की अर्ध्या तासात निघतो.

जी गोष्ट कुठल्याच पानावर नाही, ती म्हणजे मधलं रोजचं काम. नियम घट्ट आहेत. डेड पीरियडमध्ये समोरासमोर भेट नाही, फक्त फोन-मेसेज. इव्हॅल्युएशन पीरियडमध्ये असिस्टंट शाळेत जाऊन मुलाला बघू शकतो, पण बसून बोलू शकत नाही. नमस्कार-चमत्कारापलीकडे गेलं की नियमभंग. मुख्य कोचला वसंतातल्या अशा काळात बाहेर पडायला २००८ मध्ये बंदी घातली गेली. अशा वेळी शाळेचा कोच हाच दुवा असतो. जो असिस्टंट त्या शाळेत खेळाडू नसलेल्या वर्षीही फेरी मारतो, त्यालाच शाळेचा कोच खरं सांगतो: गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, गणितात नापास होतोय, घरी निर्णय आजी घेते.

नापास होणं ही बारीक बाब नाही. एनसीएए ह्या कॉलेज-खेळांच्या नियामक संस्थेच्या पहिल्या श्रेणीच्या (डिव्हिजन वन) पात्रतेला १६ मुख्य विषय आणि त्यांत चारपैकी २.३ ची सरासरी लागते. त्यातले १० विषय बारावीचं वर्ष सुरू व्हायच्या आत पूर्ण हवेत. नंतर उन्हाळ्यात दोन विषय परत देऊन ते सावरता येत नाही. चांगला रिक्रूटर म्हणूनच दहावीतच मार्कशीट मागतो. ढिला रिक्रूटर डिसेंबरमध्ये मागतो आणि जागा रिकामी राहते.

घरच्या भेटीत काय होतं, यावर निकाल ठरतो. लमार जॅक्सनच्या आईची एकच अट होती: मुलगा क्वार्टरबॅकच खेळेल. त्याचा वेग बघून बऱ्याच कोचांना तो मैदानात दुसऱ्या जागेवर हवा होता. लुइव्हिलच्या बॉबी पेट्रिनो यांनी तिला तसा शब्द दिला आणि तो पाळला. २०१६ ची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, त्याच जागेवर आली. शब्द मोजका, तपासता येईल असा आणि देणाऱ्याच्या हातातला होता. 'पहिल्याच वर्षी खेळवू' हा शब्द तसा नसतो. त्यापेक्षा कोचने कागदावर त्या जागेचे सगळे खेळाडू, प्रत्येकाची उरलेली वर्षं आणि ह्या वर्षी आणखी किती घेणार, हे लिहून दाखवावं. जो हा कागद स्वतःहून पुढे करतो, त्याचा मुलगा पोर्टलमध्ये कमी जातो.

ऑफरबद्दल एक इशारा. साइटवरच्या ऑफर बहुतांशी मुलांनी स्वतः जाहीर केलेल्या असतात. लेखी ऑफर बारावीच्या वर्षाच्या १ ऑगस्टआधी देता येत नाही, म्हणजे त्याआधीचं सगळं तोंडी. शिवाय दिलेली प्रत्येक ऑफर 'हो' म्हणता येण्यासारखी नसते. पंचवीस जागांसाठी दोनशेच्या पुढे ऑफर वाटणारी कॉलेजं कमी नाहीत. कॉलेजच्या पानावर ऑफरची यादी आणि क्लासचा आकार शेजारी ठेवून बघा. मुलाच्या पालकांनी सरळ विचारावं: 'आज होकार दिला तर तुम्ही घ्याल का?' उत्तर फिरवाफिरवीचं आलं की ती ऑफर नव्हे.

क्रिस्टल बॉल म्हणजे मुलगा कुठे जाईल याचे वार्ताहरांचे अंदाज. सहीच्या आदल्या आठवड्यात उपयोगी, त्याआधी करमणूक.

पोर्टलचा भाग आता स्वतंत्रच वाचायला हवा, आणि साइटने हायस्कूल, ट्रान्सफर आणि एकूण असे तीन तक्ते वेगळे ठेवलेत हे फार बरं केलं. २०२३ मध्ये इंडियाना ३ जिंकून ९ हरली होती. कर्ट सिग्नेटी मुख्य कोच म्हणून आले, आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन कॉलेजातले १३ खेळाडू सोबत घेऊन आले, आणि २०२४ मध्ये संघाने ११ सामने जिंकून प्लेऑफ गाठली. त्या तेरा जणांची फिल्म त्यांनी स्वतःच घडवलेली होती, अंदाजाला जागाच नव्हती. हायस्कूलच्या तक्त्यात ह्या कामाची नोंदही होत नाही. आता भर पडलीय पैशांची: जून २०२५ च्या हाउस समझोत्यानंतर (खेळाडूंनी केलेल्या खटल्यातली तडजोड) कॉलेजला खेळाडूंना थेट वाटा देता येतो, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांना मिळून २.०५ कोटी डॉलरपर्यंत, आणि फुटबॉलच्या रोस्टरला १०५ ची मर्यादा आहे. पैसा कुणाला किती हे साइट खात्रीने सांगू शकत नाही, म्हणून नुसत्या क्लासवरून रिक्रूटरची पारख करणं पूर्वीपेक्षा अवघड झालंय.

कॉम्पोझिट आणि टाइमलाइन ह्या दोन गोष्टींसाठी साइट पाचपैकी साडेचार, रिक्रूटरांच्या क्रमवारीसाठी अडीच. आपल्या कॉलेजचा कोच तपासायचा असेल तर तीन वर्षांपूर्वीचा क्लास काढा आणि पोर्टलची मुदत संपल्यावर, म्हणजे २०२६ पासूनच्या नियमाने १६ जानेवारीनंतर, त्यातली किती नावं अजून रोस्टरवर आहेत ती मोजा. फाइव्ह-स्टारपासून नको, यादीच्या तळापासून मोजा.