आधी पाइपांना हात, मग पान्याला

आमची मारुती झेन गाडी २००२ची. निफाड तालुक्यात गाडीला हीटर कशाला, असं मुंबईचे पाहुणे विचारतात. त्यांनी जानेवारीत पहाटे साडेपाचला इकडे येऊन बघावं. पारा पाच-सहा अंशांवर आलेला असतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या असतात आणि नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूला धुकं असं उतरतं की पुढचा ट्रॅक्टर दिसत नाही. वडिलांना आठवड्यातून दोनदा सकाळी सातच्या डायलिसिसला नाशिकला न्यायचं असतं. काच आतून धुरकटली की एका हातात फडकं, एका हातात स्टेअरिंग. म्हणून गाडीचा हीटर दुरुस्त करून देणारं चांदोरीकडचं एक गॅरेज मला किती उपयोगी पडलं ते सविस्तर लिहितोय.

हीटर लावला की हवा जोरात यायची, पण कोमट. आधी शहरातल्या एका गॅरेजात नेली. तिथं बॉनेटही न उघडता ब्लोअरची, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याची, मोटर बदलली, २,२०० रुपये घेतले. हवा तशीच कोमट. मोटर खराब असती तर हवाच आली नसती, हे मला तेव्हा सुचलं नाही याची अजून हळहळ वाटते.

मग चांदोरीकडच्या या छोट्या गॅरेजात गेलो. पाटी नाही, दोन गाड्या मावतील एवढं पत्र्याचं शेड. मिस्त्रींनी इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवलं, हीटर पूर्ण गरमवर करायला सांगितला आणि इंजिनाकडून डॅशबोर्डाच्या आत जाणाऱ्या दोन रबरी पाइपांना हात लावला. एक चटका बसेल इतका गरम, दुसरा गार. म्हणाले, “दादा, गरम पाणी आतपर्यंत येतंय, पण पुढं फिरत नाही. कोअर चोंदलाय.” हीटरचा कोअर म्हणजे डॅशबोर्डामागे बसवलेला छोटा रेडिएटरच. दोन्ही पाइप गरम असते तर त्यांनी आतली हवा वळवणारी झडप आणि तिची केबल पाहिली असती. दोन्ही कोमट असते तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी आहे का, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडा अडकलाय का, हे. ते हे सगळं वडिलांनाही समजावून सांगत होते, ते मला फार आवडलं.

तापमानाचा काटा खालीच का राहतो म्हणून थर्मोस्टॅटचं घर उघडलं, तर आत थर्मोस्टॅटच नाही! कुणीतरी कधीतरी “गाडी गरम होते” म्हणून काढून टाकला असणार. आपल्याकडे हे सर्रास चालतं. तो नसला की थंडीत इंजिन तापायलाच वेळ लागतो, मग हीटरला ऊब मिळणार कुठून?

कोअर त्यांनी आधी उलट्या बाजूने पाणी सोडून धुतला. तपकिरी गाळ निघाला. आम्ही वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतत आलो, त्याचे हे क्षार. हवा गरम झाली, पण मिस्त्रींनी बजावलं होतं, “गाळानेच एखादं भोक बुजलेलं असलं तर आता गळेल.” तसंच झालं. चौथ्या दिवशी गाडीत गोडसर वास, डावीकडे पायाजवळची मॅट ओली, काचेवर पुसून न जाणारा चिकट थर. दोन पाइप एकमेकांना जोडून गळती थांबवता आली असती, पण मग हीटरच उरला नसता. त्यांनी तो मार्ग सुचवलाही नाही. डॅशबोर्ड उतरवून कोअर बदलला, आणि धुण्याचे ४०० रुपये बिलातून वजा केले.

कूलंट भरताना गाडीचं नाक चढावर ठेवलं. थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढलं, मग इंजिन चालू करून बुडबुडे थांबेपर्यंत डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं भरत राहिले. हवा अडकली की नवा कोअरही गार राहतो.

कोअर, थर्मोस्टॅट, पाइप आणि मजुरी धरून ५,१०० रुपये झाले. कोअर कंपनीचा नाही, बाहेरचा आहे; किती वर्षं टिकतो ते पाहायचं. एका दिवसाचं काम तीन दिवस चाललं. डॅशबोर्डाची एक क्लिप तुटली, खराब रस्त्यावर डावीकडून खडखड येते; ती मात्र त्यांनी स्वतःहून सांगायला हवी होती. तरीही माझे पाचपैकी साडेचार गुण. आता चांदोरी येईपर्यंत काच स्वच्छ असते आणि वडील शाल काढून ठेवतात.

गॅरेज सोमवारी बंद असतं. डॅशबोर्ड उतरवायचं काम असेल तर आदल्या दिवशी सांगून जा, गाडी दोन रात्री तिथंच ठेवावी लागते.